बेगमी आणि साठेबाजी

साथीच्या रोगाची पहिली वार्ता शहरात येते, तेव्हा रोगाच्या आधी भय आणि अफवा ही जोडी घरोघर शिरते. रोगाला एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यास काही दिवस तरी लागतात. या जोडीला एक संध्याकाळ पुरते. दिवेलागणीच्या सुमारास वाण्याच्या दुकानापुढे झुंबड उडते, औषधांच्या दुकानावर दार मोडेपर्यंत गर्दी होते, आणि जो गृहस्थ काल पाच किलो तांदूळ नेत होता तो आज पन्नास किलोंची मागणी करतो. इतके कशासाठी, असे विचारावे, तर उत्तर मिळते, ‘सगळे नेतात म्हणून!’ आमच्या मते शहराचा अर्धा घात या तीन शब्दांनी होतो. सबब त्यांचा विचार साथ दूर असतानाच करून ठेवणे इष्ट आहे.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की, घरात चार दिवसांची तरतूद असणे हा दोष नव्हे. तो गृहस्थाश्रमाचा पहिला धर्म आहे. आमच्या आज्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात गहू-तांदूळ वाळवून, डाळीला एरंडेलाचा हात लावून, पापड-कुरडया व लोणची घालून पावसाळ्याची बेगमी करीत. परंतु ती बेगमी आणि आजची साठेबाजी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बेगमी सुगी झाल्यावर, बाजारात माल ओसंडत असता होई. साठेबाजी टंचाईच्या तोंडावर होते. बेगमीचे माप घरातली तोंडे मोजून ठरे. साठेबाजीचे माप भय ठरविते, आणि भयाला माप कोठले? बेगमीने कोणाचेही ताट रिकामे होत नसे. साठेबाजीचे प्रत्येक पोते मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवरून उचललेले असते.

हे केवळ नीतीचे पाठ नव्हेत. आमच्याच प्रांताचा इतिहास त्याला साक्ष आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तोवर लोकांस शत्रूचे नावही ठाऊक नव्हते. भयाने लाखो माणसे शहर सोडून निघाली, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. पळाल्याने रोग हटला नाही. त्याला वाटा मात्र मिळाल्या. प्लेगच्या दिवसांत घरात पोत्यांची थप्पी लावणे म्हणजे उंदरांस आमंत्रण देणे होय, हेही येथे ध्यानात घ्यावे.

अज्ञानाच्या काळी असे घडले, आता लोक शहाणे झाले, असे कोणी म्हणेल. तर १८९६ नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४ च्या सप्टेंबरात, सुरतेत काय झाले ते पाहावे. प्लेगची बातमी फुटताच थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. या वेळी शत्रू ठाऊक होता, त्यावर टेट्रासायक्लिनसारखे गुणकारी औषधही होते. परंतु ज्यांना रोग नव्हता त्यांनीच ते इतके खरेदी केले की दुकानांतून ते दिसेनासे झाले. त्या साथीतील मृत्यूंची अधिकृत संख्या साठाहून कमी होती. भयाने बेघर केलेल्यांची संख्या लाखांत होती. पुढे १९९५ पासून एस. आर. राव या आयुक्तांच्या कारकीर्दीत सुरतेचा कायापालट झाला, तो घराघरांतल्या गोळ्यांच्या पाकिटांनी नव्हे, तर नित्य कचरा उचलल्याने आणि गटारे स्वच्छ ठेवल्याने!

२०२० साल तर आमच्या वाचकांनी स्वतः पाहिले आहे. मार्चच्या प्रारंभीच मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचे द्रव इतके दुर्मिळ झाले की, १३ मार्च रोजी सरकारला त्यांची गणना जीवनावश्यक वस्तूंत करावी लागली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि लोक दुकानांकडे धावले. किराणा, दूध व औषधे मिळत राहतील असे सांगितले गेले असताही, ज्या गर्दीपासून दूर राहावयाचे तीच गर्दी लोकांनी त्या रात्री आपल्या पायांनी जमविली. त्याच सुमारास हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध कोविडवर चालते अशी हवा उठली. घरोघर त्याची पाकिटे भरली गेली, आणि आमवाताचे व ल्यूपसचे जे रुग्ण वर्षानुवर्षे त्या गोळीवर आपले दिवस काढीत होते, ते दुकानोदुकानी वणवण करू लागले. त्याच वर्षी मोठ्या चाचणीत दिसून आले की, रुग्णालयातील कोविडच्या रुग्णांस त्या औषधाचा लाभ होत नाही. म्हणजे साठविणाऱ्याच्या पदरी काही पडले नाही, आणि ज्याची खरी गरज होती त्याचे मात्र गेले.

यातील हिशेब व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. समजा, पेठेत आठवड्याला पुरेल इतका माल आहे. प्रत्येक घराने एकाच दिवशी महिन्याचा माल उचलावयाचे ठरविले, तर चारांतील एकाच घराला तो मिळेल व तिघे रिकाम्या हाताने परततील. देशात धान्याची उणीव नसताही पेठेत दुष्काळ दिसेल. आणि ते तिघे कोण? ज्याला महिन्याचा पगार मिळतो तो नव्हे. जो दिवसभर हमाली करून सायंकाळच्या मजुरीतून अर्धा किलो पीठ नेतो तो! त्याला चार दिवस पुढचे घेण्याची ऐपत नाही, हाच त्याचा अपराध.

मग सुज्ञ गृहस्थाने करावे तरी काय? पंधरा दिवसांची बेगमी करावी. पण ती साथ येण्यापूर्वी, दर खेपेस थोडे थोडे अधिक आणून. माणशी रोज सुमारे चारशे ग्रॅम धान्य धरले तर पाच माणसांच्या घरास तीस किलो पुरते. डाळ साठ ग्रॅम धरली तर साडेचार किलो. हा आकडा पुरुषांनी दुकानात उभे राहून ठरवू नये. घरची चूल जी सांभाळते तिला विचारावा. तिच्या हिशेबात भयाची भेसळ सहसा नसते. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा दमा यांवरील नेहमीची औषधे वैद्याच्या सल्ल्याने महिन्याभराची असावीत. परंतु जो रोग घरात नाही त्याचे औषध घरात नसावे. साबण आणि तापमापक असू द्यावे. अतिसारासाठी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे, हे घरातल्या पोरासही ठाऊक असावे. याहून अधिकाची गरज बहुधा पडत नाही.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द. साथीच्या दिवसांत भाव चढविणाऱ्याची तिजोरी एक महिना भरते, आणि त्याची पेढी पुढली वीस वर्षे लोकांच्या मनातून उतरते. भावाचा फलक दाराशी लावावा, गिऱ्हाइकागणिक मालाची मर्यादा ठरवावी, म्हाताऱ्यांस व आजाऱ्यांच्या घरी माल पोचता करावा, आणि ओळखीच्या मजुराची उधारी त्या महिन्यात तोडू नये. घाऊक माल वाटेत आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याने ते चार लोकांत मोठ्याने सांगावे. अफवेला तोडगा म्हणजे खरी बातमी, आणि ती वाण्याच्या तोंडून आलेली लोक लवकर मानतात.

यावर कोणी म्हणेल, ‘शेजारी कोठार भरतो आहे, तर आम्हीच का हात आखडावा?’ याचे उत्तर परोपकारात शोधावयाचे कारण नाही. ते स्वार्थातच आहे. साथीचा रोग उंबरठा ओळखत नाही. ज्याला साबण मिळाला नाही त्याचे हात, ज्याला औषध मिळाले नाही त्याचा खोकला, ज्याला पीठ मिळाले नाही म्हणून जो तापातही कामावर गेला त्याचा श्वास, हे सारे फिरून आपल्याच दाराशी येणार आहे. शेजाऱ्याच्या घरातले धान्य संपले, तर आपल्या घरातले कोठार आपले रक्षण करू शकत नाही. सबब पुढच्या वेळी दुकानाच्या फळीशी उभे राहून पिशवी उघडताना प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे की, हे मी घरच्या तोंडांसाठी घेत आहे की मनातल्या भयासाठी? तोंडांसाठी असेल तर खुशाल घ्यावे. भयासाठी असेल तर परत ठेवावे. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याची गरज आहे.