दोन पाळ्यांच्या मधले तास

कारखान्याची गोष्ट निघाली म्हणजे आपण काम किती तास चालते एवढेच विचारतो. काम सुटल्यापासून पुन्हा भोंगा होईपर्यंत किती तास मिळाले, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि माणूस खचतो तो पुष्कळदा तिथेच.

विश्रांतीची मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागितले, त्यात रविवारची रजा आणि दुपारी अर्धा तास सुटी ही कलमे होती. रविवार मिळायला १८९० साल उजाडले. अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आला. जेवणाची सुटी ही कुणा मालकाची मेहेरबानी नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने हिशेब नेटका केला. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा. आणि येण्यापासून जाण्यापर्यंतचा सारा वेळ, सुटी धरून, साडेदहा तासांत. जादा कामाला दुप्पट दर. हा दर बक्षीस आहे असे कामगारही समजतो. माझ्या मते तो मालकावरचा दंड आहे: जादा काम महाग पडले म्हणजे तो नवा माणूस घेईल. पण पगारच पुरत नसेल तर कामगार आपण होऊन ओव्हरटाइम मागायला येतो. मग युनियनवाल्याने त्याला काय सांगावे?

त्या कायद्यात एक फट होती. ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास. समजा, एकाची दुसरी पाळी साडेतीनला लागून रात्री बाराला सुटली, आणि सकाळचा माणूस आला नाही म्हणून त्यालाच सातला बोलावले. मंगळवारी ८ तास, बुधवारी ८ तास. तासांच्या बेरजेत दोष नाही. मधे उरले ७. जाण्यायेण्यात दोन गेले, जेवणाआंघोळीत एक. चार तासांच्या झोपेवर तो प्रेसपुढे उभा राहतो. बोट गेले, तर चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे होतात. असे कागद मी वाचले आहेत. युरोपात १९९३ च्या निर्देशाने चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती ठरवून दिली. आपल्या १९४८ च्या कायद्यात तसे कलम नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. दिवसाला ८ तास, जादा कामाला दुप्पट दर आणि कामगाराची संमती, असे ती म्हणते. विसाव्याचा व एकूण वेळेचा तपशील सरकारी नियमांवर सोपवते. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा लेखी संमतीने ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला होता. कंत्राटी पोराने मुकादमापुढे ‘नाही’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचे नाव राहील काय? संमतीचे मोल तेवढेच.

म्हणून मी प्रत्येक मागणीपत्रकात दोन पाळ्यांत सलग ११ तासांची सुटका घालायला सांगतो. आणि प्रत्येकाने आपल्या येण्याजाण्याची वेळ घरच्या वहीत लिहावी; टाइम ऑफिसातले कार्ड वादाच्या वेळी हाती लागतेच असे नाही.