जुनी गाडी उभी करताना (भाग ६) : कॉन्टेसात कोणतं इंजिन?

मागच्या भागात पत्र्याचं काम आटोपलं. गंजलेली फ्लोअर कापली, नवी बसवली, बॉडीला प्रायमर लागला. आता बॉनेटखालच्या रिकाम्या जागेकडे बघत उभं राहायची वेळ आली, आणि नेमक्या याच वेळी गॅरेजमध्ये सल्लागारांची गर्दी होते. एक म्हणतो डिझेल टाका, ॲव्हरेज मिळेल. दुसरा म्हणतो मुंबईच्या भंगारात जपानी सिक्स सिलिंडर मिळतं, गाडी उडेल. तिसऱ्याच्या ओळखीत एक अँबेसिडर पडून असते.

सल्ले ऐकण्याआधी कॉन्टेसा मुळात काय होती ते बघू. ‘मसल कार’ हा प्रकार अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून गाजला. मध्यम अंगाची गाडी, पुढे ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन, जोर मागच्या चाकांना. आपल्याकडच्या कारखान्यातून तसलं काही बाहेर पडलं नाही. तरी लांब बॉनेट आणि रुंद बसकण पाहून लोकांनी हौसेनं तो मान कॉन्टेसाला दिला. हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या जुन्या मॉडेलवरून ती घेतली आणि १९८४ पासून उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात बनवली. दिसायला पैलवान, आत मात्र सुरुवातीला अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. चौघं बसून, एसी लावून भिवघाट चढायचा म्हटलं की दुसऱ्या गिअरशिवाय गत्यंतर नाही.

पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आलं आणि त्याबरोबर पाच गिअरचा बॉक्स. ताकद ८८ हॉर्सपॉवरच्या घरात. गाडीला खरा जीव आला तो तेव्हा. दोन लिटरचं इसुझू डिझेलही मिळू लागलं. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली, पण इसुझूची हीच इंजिनं अँबेसिडरमध्येही बसत होती. त्यामुळे १८०० आयएसझेड अँबेसिडर कुठं भंगारात निघाली तर कॉन्टेसावाल्याचे कान टवकारतात.

आता माझं मत सांगून टाकतो. इंजिन निवडायची खरी वेळ गाडी विकत घेतानाची असते. पत्रा झाल्यावर नव्हे. आरसी बुकात १.८ पेट्रोल लिहिलेली गाडी दहा-वीस हजारांनी महाग पडली तरी तीच घ्यावी. कारण इंजिन बदलण्यातली निम्मी डोकेदुखी पान्यांची असते आणि निम्मी कागदांची, आणि कागदांची जास्त दिवस टिकते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. जुनं इंजिन गेलं आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं, तर आरटीओत कळवून नवा इंजिन नंबर नोंदवता येतो. सीसी बदलली, इंधन बदललं, की प्रकरण वेगळं. तेव्हा ‘आधी बसवू, मग बघू’ हा आपला लाडका मार्ग इथं वापरू नये. सांगलीच्या आरटीओत आधी लेखी विचारावं. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला इंजिन नंबर जुळला नाही, तर क्लेम तिथंच अडकतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत दिलीही. कल्पकतेला दाद मिळाली, पासिंग नाही.

विट्याच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानं आपली माणसं केरळापासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत, आणि जुन्या गाड्या बऱ्याचदा तिकडूनच घरी येतात. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय ट्रकवर चढवू नका. आणि एनओसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः पडताळा. ब्लॉकवरचं ऑइल आणि मळ डिझेलनं धुवा, नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे उमटतात. एखादा आकडा तिरका, पुन्हा ठोकलेला किंवा ग्राइंडर फिरवलेला दिसला, तर चहा पिऊन परत या.

इंजिन मूळचंच आहे, पण दमलंय, असं असेल तर ते लगेच टाकायचं कारण नाही. आधी कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, एका सिलिंडरला गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. चारही आकडे जवळपास सारखे आले तर उत्तम. एखादा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. ऑइलनं तिथं तात्पुरतं सील केलं. चढला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. पहिल्या बाबतीत रिबोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन, दुसऱ्या बाबतीत नुसतं हेडचं काम. एवढ्याशा या तपासणीवर हजारोंचा हिशेब ठरतो, पण ती न करताच ‘इंजिन गेलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठं मशिनिंग निघालं तर कोल्हापूरचं उद्यमनगर आपल्याला जवळ आहे.

आता पेट्रोलचा मुद्दा. जुन्या १४८९ सीसीच्या इंजिनाला शिसंमिश्रित पेट्रोलची सवय होती. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं आणि झीज रोखायचं. २००० साली देशभर शिसं बंद झालं. तेव्हा हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट बसवून घ्या. नव्यानं आलेली अडचण इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आपल्याच ऊसपट्ट्याची कमाई आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा कार्बोरेटर आतून खाल्ला जातो. शिवाय इथेनॉलनं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. इथेनॉलला टिकणारे पाइप, नवा पडदा आणि थोडे मोठे जेट, एवढं करावंच लागतं. इसुझूचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. विट्याच्या एप्रिलमध्ये एकदा टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला की ते वाकतं. रेडिएटरचं नवं कोअर ही चैन समजू नका.

त्या सिक्स सिलिंडरचं काय? बसतं, बसवलेली आहेत लोकांनी. पण ऑइल सम्प क्रॉसमेंबरला अडतो, माउंटिंग नवी करावी लागतात, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागतो, आणि तेवढी ताकद झेलायला मागचं हाउसिंग आणि ब्रेक दोन्ही बदलावे लागतात. आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांची इंजिनं तर आडवी असतात, पुढची चाकं ओढणारी. कॉन्टेसाला उभं इंजिन लागतं. डिझेल भरपूर मिळतात, पण जड. पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टिअरिंग हातात जड लागतं.

शेवटी २०३४ साल लक्षात ठेवा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली-प्रदर्शनाला आहे. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९८४ च्या पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये या रांगेत येतील. ज्यांच्याकडे तसली गाडी आहे त्यांनी ५० हॉर्सपॉवरचं ते संथ इंजिनच बांधून घ्यावं, असं मी म्हणेन. ज्यांना मुलाबाळांना घेऊन कराड-महाबळेश्वर करायचं आहे त्यांनी १.८ लिटरवाली गाडी शोधावी.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स आणि क्लच. तोवर इंजिन खोललं असेल तर प्रत्येक बेअरिंग कॅपवर नंबर टाकून ठेवा.