भावी शिक्षकांचे अंकगणित

प्राथमिक शिक्षकाला गणित किती यावे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : लहान मुलांनाच शिकवायचे, तर दहावीपर्यंतचे पुष्कळ झाले. हे उत्तर कोणाच्या मुळावर येते, ते पाहिले पाहिजे.

पावणेदोन भागिले अर्धा, हे उदाहरण घेऊ. भाजक उलटा करून गुणायचे, हा नियम आपण सर्वांनी घोकला आहे. लिपिंग मा या संशोधिकेने हाच भागाकार अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ शिक्षकांपुढे ठेवला व त्याला साजेसे व्यवहारातले उदाहरण रचायला सांगितले. तिचा ग्रंथ १९९९ साली निघाला. अमेरिकन शिक्षकांपैकी ९ जणांचे उत्तर बरोबर आले; उदाहरण एकालाच जमले. चिनी शिक्षक कमी वर्षे शिकलेले; पण त्या सर्वांचे उत्तर बरोबर, आणि ६५ जणांनी उदाहरणही नीट रचले. नुसत्या पदव्यांनी हे काम होत नाही.

धरमपेठेत, गोकुळपेठच्या बाजारात हा भागाकार सहज मांडता येईल. पावणेदोन किलो तूरडाळ, अर्ध्या किलोच्या पुड्या. तीन पुड्या भरल्या, पाव किलो उरली. पोर म्हणते, सव्वातीन. पण उरलेली डाळ किलोचा पाव असली तरी पुडीचा अर्धा आहे; म्हणून साडेतीन. 'कशाचा पाव?' हे ज्या शिक्षकाला सुचत नाही, तो पोराला चूक ठरवून खाली बसवतो. एका किलोत दोन पुड्या, म्हणून दोनाने गुणायचे. उलटा करण्याचे रहस्य एवढेच. पावकी, निमकी, औटकी घोकून घेणाऱ्या आपल्या शाळांनी हे मात्र क्वचितच सांगितले.

वजाबाकीचेही तसेच. ५२ मधून २५ घालवताना आपण 'शेजारून दहा उसने घ्या' म्हणतो. ते परत कधी करायचे, असे पोराने विचारले तर हसू नये. ज्याच्या घरी उसनवारी चालते तो विचारणारच. वास्तविक येथे उसने काहीच नाही. आपल्याच दहाची मोड केली, इतकेच.

धरमपेठेतला पगारदार पालक शिक्षकाची ही उणीव शिकवणी लावून भरून काढतो. इंदोऱ्यातल्या मजुराच्या किंवा जिल्हा परिषद शाळेतल्या शेतमजुराच्या मुलाला शिक्षक हाच एक आधार. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक अभ्यासक्रमात हिशेब मागितला, तसेच प्रशिक्षित आणि शक्यतो शेतकरी वर्गातले शिक्षक मागितले. या दोन मागण्या वेगळ्या नव्हत्या.

आज बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी दोन वर्षांच्या डी.एल.एड. पदविकेला येतो, गणित अनेकांनी दहावीतच सोडलेले असते. 'आशययुक्त अध्यापन' हा शब्द अध्यापक विद्यालयांना नवा नाही, परंतु आशय पाठ टाचणाच्या रकान्यांत हरवतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० प्रश्न गणिताचे, सगळे बहुपर्यायी. 'का?' चार पर्यायांत मावत नाही. त्यापेक्षा सव्वातीन लिहिलेली वही प्रशिक्षणार्थ्यापुढे ठेवावी आणि विचारावे : हे पोर काय विचार करत होते?

२०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी किमान ठरवली आहे. वर्षे वाढतील, पण त्यांत अशा वह्या वाचण्याचे तास किती, हे विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी अभ्यासक्रम हाती येताच आधी मोजावे.