फुलपाखरं शोधायची तर बांधावर थांबा

पितृपंधरवडा आला की मावळ-मुळशीत पावसाचा जोर ओसरतो, भात निसवू लागतं आणि सकाळी चांगलं ऊन पडतं. पावसाळ्यातल्या कोवळ्या पाल्यावर पोसलेली फुलपाखरं याच सुमारास मोठ्या संख्येने दिसतात. उडण्यासाठी त्यांना उन्हाची ऊब लागते, त्यामुळे भल्या पहाटे निघायची गरज नाही. नऊ ते अकराची वेळ साधली तरी पुरे.

उडत्या पाखरामागे धावून फारसं काही दिसत नाही. आधी झाड ओळखायला हवं. बहुतेक जातींचे सुरवंट ठरावीक वनस्पतीच खातात आणि मादी त्या हेरूनच अंडी घालते. टाकळ्याभोवती पिवळी फुलपाखरं घुटमळतात ती याचसाठी. रुई दिसली की पान उलटून पाहा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेला सुरवंट दिसला, तर तो ‘प्लेन टायगर’चा. रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं तो अंगात साठवतो आणि फुलपाखरू झाल्यावरही ती टिकतात. एकदा ती कडू चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्या केशरी पंखांच्या वाटेला जात नाही.

या दराऱ्याचा फायदा ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी उठवते. तिच्या अंगात तसलं विष नसतं, पण पंख हुबेहूब तेच: केशरी, टोकाला काळे-पांढरे. नर मात्र काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. दोघं एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. तिचे सुरवंट वाढतात घोळीवर, आपण भाजी करतो त्याच घोळीवर.

पुढे खुळखुळ्याच्या वाळक्या फांदीला फुलपाखरं लगडलेली दिसली तर जवळ जा. त्यांत बहुतेक ‘टायगर’ आणि ‘क्रो’ गटांतले नर असतात. सुकलेल्या पानांतून, शेंगांतून ते अल्कलॉइड शोषतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. या कामात ते इतके गढलेले असतात की हातभर अंतरावरून निरखता येतात.

पतंगांकडे आपलं दुर्लक्षच होतं. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती असतील, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. ओळखायची खूण सोपी: फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. तेरड्यावर शेपटाकडे शिंगासारखा काटा असलेला जाडजूड सुरवंट दिसला, तर तो हॉकमॉथचा. संध्याकाळी हेच पतंग फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पितात. रात्री अंगणात पांढरी चादर टांगून त्यावर दिवा सोडला की आणखी कितीतरी जाती येऊन बसतात.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. तो मान शेताच्या कडेलाही पोचायला हवा. रुई, टाकळा, खुळखुळा, घोळ ही सगळी आपल्या हिशेबी तणंच. पिकातलं तण काढावंच लागतं, पण बांधावर तणनाशक मारलं की अंडी घालायला जागाच उरत नाही. बांधाची एक कड दिवाळीपर्यंत राखली, तरी पुढच्या पिढीची सोय होते. शहरात राहणाऱ्यांनाही हे जमेल. कढीपत्त्याच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा सुरवंट आढळला, तर झटकू नका. चार पानं खाईल. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते.