दोन्ही गुडघे एकाच दिवशी?

ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रिया केली डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून न्यूयॉर्कला गेलेल्या राणावतांनी 1970च्या दशकात जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्या जोडीने आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला होता. वाजपेयींचा उजवा गुडघा मात्र जून 2001 मध्ये बदलला. सर्जन नामांकित, व्यवस्था उत्तम, तरीही मध्ये आठ महिने गेले. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे वय 75 होते.

रायपूरच्या चौबे कॉलनीत, तात्यापाऱ्यात आज दोन्ही गुडघे एकदम करावेत की एकेक, ही चर्चा घरोघरी ऐकू येते. आईला जिना उतरवत नाही, बाबांची तेलीबांधा तलावावरची सकाळची फेरी बंद झालेली. मुलगा पुण्याहून सुट्टी काढून येणार, तेव्हा ‘एकदाच उरकून टाकू’ असे सगळ्यांना वाटते. एकच भूल, दवाखान्यातला एकच मुक्काम, तपासण्याही एकदाच. यातले काहीच खोटे नाही. पण गुडघे दोन असले तरी हृदय एकच आहे, आणि ही बाब घरच्या हिशेबात हमखास सुटते.

टेबलावर काय होते ते पाहू. मांडीच्या हाडाचे झिजलेले टोक कापून त्यावर धातूची टोपी बसवायची असते. काप नेमका यावा म्हणून बहुतेक ठिकाणी हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालतात. त्या दाबाने मज्जेतले चरबीचे बारीक थेंब रक्तात शिरतात आणि फुफ्फुसांपर्यंत जातात. पुढे नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसते, ती सिमेंटने पक्की होते आणि मध्ये प्लास्टिकची गादी येते. एका गुडघ्याचा हा भार निरोगी माणूस सहज पेलतो. दोन्ही गुडघे एकाच बैठकीत केले, तर तासा-दोन तासांत तोच भार दुसऱ्यांदा येतो. रक्तही दुप्पट जाते. म्हणून एकाच वेळी दोन्ही केल्यास रक्त चढवावे लागणे, फुफ्फुसात गुठळी अडकणे, हृदयाला त्रास होणे यांचा धोका वाढतो.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमत-अहवालात कोणाचे दोन्ही गुडघे एकदम करू नयेत, हे सांगितले आहे. त्यात 75 किंवा त्याहून जास्त वय, हृदयविकार, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, अतिस्थूलपणा अशी नावे आहेत. एकेक करायचे तर मध्ये निदान तीन महिने जाऊ द्यावेत, असाही सल्ला आहे. आपल्या घरांतली सत्तरीपुढची किती माणसे या यादीतून सुटतात, हे ज्याने त्याने पाहावे.

छत्तीसगडात आणखी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. या भागात आणि शेजारच्या विदर्भात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. रायपुरात त्यासाठी स्वतंत्र संस्थाही आहे. शस्त्रक्रियेत मांडीला आवळपट्टी बांधून रक्तप्रवाह थांबवतात. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशींचा आकार बदलतो आणि त्या अडकू लागतात. अशा माणसाच्या बाबतीत दोन्ही पायांची घाई मला मुळीच पटत नाही.

मग दोन्ही एकदम कधी करावे? दोन्ही गुडघे सारखेच बाहेर वाकलेले, दोन्ही सरळ होत नाहीत, वय साठीच्या आसपास आणि हृदय-फुफ्फुसे धडधाकट असतील, तर जरूर विचार करावा. एकच सरळ केला, तर तो पाय लांब पडतो. माणूस दुसऱ्या वाकड्या पायाशी जुळवून घेण्यासाठी नवा गुडघाही वाकवून चालतो आणि तो पुन्हा आखडू लागतो.

खर्चाचे म्हणाल तर सांधे दोन लागतात ते लागतातच. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत 54,720 रुपये ठरवली, जीएसटी वेगळा. त्यामुळे एकदम केल्याने वाचतो तो खोली, भूल, तपासण्या यांचा खर्च. तेवढ्यासाठी हृदयरोग्याने धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरची तयारीही निराळी लागते. एकच गुडघा केला, तर उठताना दुसऱ्या पायावर भार घेता येतो. दोन्ही केले की पहिले काही आठवडे भार वॉकरवर आणि दंडांवर. उंच कमोड, धरायला पक्का दांडा, रात्री हाक मारली तर उठणारे माणूस हे सगळे आधी ठरलेले हवे. फिजिओने सांगितलेले टाच सरकवण्याचे आणि गुडघा दाबून सरळ करण्याचे व्यायाम दोन्ही पायांना करायचे. दुखते म्हणून एक पाय टाळला, तर तोच आखडतो.

दोन्ही करायचे ठरलेच, तर सर्जनइतकेच भूलतज्ज्ञाशीही बोला. पहिला गुडघा झाल्यावर ऑक्सिजन किंवा रक्तदाब घसरला, तर दुसरा त्या दिवशी करायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या आणि संमतिपत्रावर तसे लिहून घ्या. ‘सुरू केलंय तर संपवा’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये. दुसरा गुडघा तीन महिन्यांनी करता येतो.