येशू ख्रिस्ताला प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें

येशू ख्रिस्तानें स्वतः लिहिलेला एकहि ग्रंथ जगाच्या हातीं आलेला नाहीं. त्याच्याविषयीं जें कांहीं ज्ञात आहे, तें इतरांच्या सांगण्यावरून लिहिलेलें आहे. चारहि शुभवर्तमानें ग्रीक भाषेंत असून, बहुतेक विद्वानांच्या मतें तीं त्याच्या मृत्यूनंतर सुमारें चाळीस ते सत्तर वर्षांच्या अवधींत लिहिलीं गेलीं. म्हणून ज्यांनीं त्याला डोळ्यांनीं पाहिलें, तीं माणसें कोण आणि त्यांची साक्ष कितपत धरावी, हा प्रश्न श्रद्धाळू व चिकित्सक या दोघांनाहि सारखाच महत्त्वाचा आहे.

पहिला साक्षीदार येशूचा भक्त नव्हे, तर त्याला मृत्युदंड देणारा अधिकारी होय. पंतय पिलात हा इ. स. २६ ते ३६ पर्यंत यहूदिया प्रांताचा रोमन सुभेदार होता. १९६१ सालीं समुद्रकांठच्या कैसरिया येथें इटालियन संशोधकांना त्याचें नांव व हुद्दा कोरलेला लॅटिन शिलालेख सांपडला. शुभवर्तमानांतला पिलात द्विधा मनाचा आहे; आरोपीच्या ठिकाणीं त्याला अपराध दिसत नाहीं, तरी तो जमावापुढें नमतो, आणि मत्तयाच्या वृत्तांतांत तर सर्वांसमक्ष हात धुतो. यहूदी इतिहासकार जोसेफस यानें रंगविलेला पिलात निराळा आहे. पाण्याच्या कालव्यासाठीं त्यानें मंदिराचा निधी खर्च केला आणि ओरड करणाऱ्या लोकांवर सोटे चालविले. पुढें शोमरोनी लोकांच्या हत्येबद्दल जाब देण्यासाठीं त्याला रोमला जावें लागलें.

या दोन चित्रांतील अंतर क्षुल्लक नाहीं. पिलाताचा दोष जसजसा हलका मानला गेला, तसतसा तो यहूदी लोकांच्या माथीं चढला, आणि युरोपांत त्या समाजाला शतकानुशतकें छळ सोसावा लागला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादतां येत नाहीं, असें व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें १९६५ सालीं जाहीर केलें.

दुसरा साक्षीदार केवळ वाटसरू. आफ्रिकेच्या उत्तर भागांतील कुरेने नगरचा शिमोन गांवाबाहेरून येत असतां शिपायांनीं त्याला वेठीस धरून येशूचा क्रूस वाहावयास लाविलें. वेठ म्हणजे काय, हें मराठी श्रोत्यांस निराळें सांगावयास नको. मार्कानें शिमोनाच्या आलेक्सांद्र व रूफ या दोन मुलांचीं नांवें दिलीं आहेत. परंतु ते कोण, हें सांगितलेलें नाहीं. ज्या मंडळीसाठीं मार्क लिहीत होता, तिला ते परिचित असावे, असें अनुमान यावरून विद्वान काढतात.

तिसरा पेत्र. हा गालील सरोवरावरचा कोळी. १९८६ सालीं अवर्षणामुळें त्या सरोवराचें पाणी ओसरलें, तेव्हां गाळांतून सुमारें आठ मीटर लांबीची, जवळजवळ त्याच काळची एक होडी निघाली. पेत्राच्या धंद्याची कल्पना तिच्यावरून येते. येशूच्या अटकेच्या रात्रीं भयानें पेत्रानें तीन वेळां त्याची ओळख नाकारली, ही गोष्ट चारहि शुभवर्तमानांत आहे. जो पुढें मंडळीचा पुढारी झाला, त्याची अशी नामुष्की त्याचेच अनुयायी मुद्दाम रचतील, हें संभवत नाहीं. जी हकीकत सांगणाऱ्यालाच अडचणीची, ती खरी असण्याचा संभव अधिक, असा इतिहाससंशोधनाचा एक ठोकताळा आहे.

हाच ठोकताळा मग्दालीया मरीयेलाहि लागू पडतो. कबरेपाशीं प्रथम गेलेल्यांत तिचें नांव चारहि ग्रंथकार देतात. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरूं नये, असा त्या काळचा दंडक जोसेफसनें नमूद केला आहे. कथा निव्वळ रचावयाची असती, तर रचणाऱ्यानें पुरुष साक्षीदार निवडले असते. यावरून पुनरुत्थान सिद्ध होत नाहीं; वृत्तांताचा आरंभ स्त्रियांपासून झाला असावा, एवढेंच दिसतें. पण याच स्त्रीवर पुढें अन्याय झाला. इ. स. ५९१ मध्यें पोप पहिला ग्रेगरी यानें एका प्रवचनांत, लूकानें वर्णिलेली नांव नसलेली पापी स्त्री म्हणजेच मरीया, असें म्हटलें. मूळ ग्रंथांत याला आधार नाहीं. तरीहि तो कलंक पाश्चात्त्य चित्रांतून व कथांतून तिला शेंकडों वर्षें चिकटून राहिला. रोमन पंचांगांत ती गफलत १९६९ सालीं दूर झाली.

शेवटचा साक्षीदार घरचाच, येशूचा भाऊ याकोब. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असें योहान स्पष्ट सांगतो. तोच याकोब पुढें यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि इ. स. ६२ च्या सुमारास प्रमुख याजक हनान यानें त्याला दगडमार करविला, अशी जोसेफसची नोंद आहे. पौलानें येशूला हयातींत पाहिल्याचा उल्लेख नाहीं. पण आपण पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलों व याकोबालाहि भेटलों, असें त्यानें गलतीकरांच्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. लेखक व प्रत्यक्षदर्शी यांत येथें एकाच भेटीचें अंतर उरतें.

येशू ईश्वराचा पुत्र होता कीं नव्हता, याचा निवाडा अशा साक्षींनीं होत नाहीं. तो श्रद्धेचा प्रांत आहे. परंतु गालीलांत असा एक पुरुष होऊन गेला, पिलाताच्या अमलांत त्याला क्रूसावर चढविलें, आणि त्याच्या निकटच्या माणसांनीं त्याचें नांव टाकिलें नाहीं, इतकें या साक्षींवरून दृढ होतें. त्यांच्या तोंडीं मागाहून घातलेल्या शब्दांनीं एका समाजाचा छळ झाला आणि एका स्त्रीची अब्रू गेली. साक्षीदार जेथें थांबला, तेथेंच ऐकणाऱ्यानेंहि थांबावें, हा त्यांतून घेण्याजोगा धडा आहे.