लोणी खाणारा माणूस: पहिल्या महायुद्धातला शिपाई घरची आठवण कशी सांगायचा?

तारीख ११ डिसेंबर १९१६. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ गावाजवळ युद्धकैद्यांची छावणी आहे. तिथे एक पंजाबी शिपाई ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बोलतोय. त्याचं नाव मल्ल सिंग. तो सांगतो ती गोष्ट साधारण अशी: हिंदुस्तानात एक माणूस होता. तो लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो इंग्रजांच्या नोकरीत लागला, युरोपच्या लढाईत आला आणि जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचंय. तिथे गेला तरच ते खाणं मिळेल, इथेच राहिला तर मरून जाईल.

एक-दीड मिनिटाचं हे ध्वनिमुद्रण आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मी ते पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा एकच प्रश्न पडला. हा माणूस स्वतःबद्दल बोलतोय, हे उघड आहे. मग 'मी' का म्हणत नाही?

माझं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतं. घरापासून हजारो मैलांवर, कडाक्याच्या थंडीत अडकलेल्या माणसाला घरची आठवण येते, यात नवल नाही. पण ती आठवण तो कुणासमोर सांगतोय, यावर ती कशी सांगायची हे ठरतं. हे नीट कळण्यासाठी दोन वर्षं मागे जाऊ या.

पत्र एकाचं, वाचणारे अनेक

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेयच्या बंदरात उतरली. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी सैनिक फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर होते. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्सही त्यांत होते. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबरमध्येच नव शापेलच्या लढाईत उतरल्या. अंगावर सुती कपडे होते; गरम कपडे पोचेपर्यंत थंडी सुरू झाली होती. खंदकात गुडघ्याएवढं पाणी साचायचं आणि पाय सुजून बधिर व्हायचे. नाताळला राजकन्या मेरीच्या नावाने पितळी डबी भेट आली, तेव्हा हिंदी शिपायांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसालाही आला.

या काळात शिपाई भरपूर पत्रं धाडत होते. १९१५ च्या सुरुवातीला आठवड्याला दहा ते वीस हजार! आता गंमत बघा. यातल्या कित्येकांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे शिपायाने सांगायचं, पलटणीतल्या कुणीतरी लिहायचं. मग ते पत्र पलटणीतला अधिकारी बघणार. पुढे हिंदी टपालासाठी खास नेमलेला सेन्सॉर, कॅप्टन हॉवेल, त्याच्या कचेरीत काही पत्रं उघडली जाणार, निवडक मजकुराचं इंग्रजी होणार. उरलेला प्रवास करून पत्र गावी पोचलं, की तिथेही ते कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. ऐकायला आई-वडील, भाऊ, शेजारीपाजारी, सगळे जमलेले.

आता तुम्हीच सांगा, अशा पत्रात बायकोला उद्देशून मनातलं काय लिहिता येईल?

म्हणून ही पत्रं वाचताना सुरुवातीला थोडी निराशा होते. जिकडे तिकडे पाऊसपाणी, पीक, गुरंढोरं, कर्ज आणि लग्नं. पण जरा थांबून वाचलं की लक्षात येतं, ओढ त्यातच आहे. बैल कसा आहे असं विचारणारा माणूस अख्ख्या घराबद्दल विचारत असतो. बैलाची चौकशी चारचौघांत करता येते. बायकोची नाही.

लढाईबद्दलही असंच आडून बोलायचे. सेन्सॉर वाचतो हे शिपायांना पक्कं ठाऊक होतं. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा त्यांनी बनवली होती. मिरी संपत आली म्हटलं की घरच्यांनी समजून घ्यायचं. हॉवेलही काही कच्चा नव्हता. पत्रांत कविता वाढल्या तेव्हा माणसं मनातून अस्वस्थ असल्याचं हे लक्षण आहे, असं त्याने अहवालात नोंदवलं. सरकारला काळजी होती ती फौजेच्या मनोधैर्याची. जखमी शिपाई बरा झाला की त्याला पुन्हा आघाडीवर धाडत. घरी जाता येत नाही, हेच तर अस्वस्थतेचं मोठं कारण होतं.

कर्ण्यासमोर

आता परत व्युन्सडॉर्फला येऊ. फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले बरेच हिंदी शिपाई याच छावणीत आले. प्रशियन सरकारने १९१५ मध्ये एक आयोग नेमला होता. जगभरच्या भाषांचे नमुने गोळा करायचे, तर युद्धकैद्यांएवढी सोयीची माणसं कुठे मिळणार? शिपाई काय सांगतोय यापेक्षा तो उच्चार कसे करतो, यात अभ्यासकांना रस होता.

म्हणजे इथेही ऐकणारे परकेच, आणि वर त्यांच्याच कैदेत. मल्ल सिंगने मग आपल्या ओळखीची वाट धरली: 'एक होता माणूस'. गोष्टीतल्या माणसाने रडलं तरी चालतं. लोणी म्हणजे त्याच्यासाठी फक्त खाणं नाही. त्यात घर आलं, गोठा आला, ताक घुसळणारे हात आले. त्या हातांचं नाव मात्र तो घेत नाही. आणि अगदी शेवटी भाषा निसटते. तह झाला तर 'आम्ही' परत जाऊ, असं तो म्हणतो. त्या एका सर्वनामात गोष्टीतला माणूस आणि बोलणारा एक होतात.

ही छावणी अनेकांना सोसवली नाही. १९१७ मध्ये हिंदी कैद्यांना थंडी जरा कमी असलेल्या रुमानियात हलवण्यात आलं. छावणीजवळच्या त्सेरेन्सडॉर्फच्या दफनभूमीत दोनशेहून अधिक हिंदी माणसांची स्मृती आहे.

विचित्र गोष्ट अशी की त्या शिपायांची मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. उरली ती सेन्सॉरने करवून घेतलेली भाषांतरं, आणि भाषातज्ज्ञांच्या तबकड्या. दोघांनाही शिपायाच्या घराशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणूनच हे कागद वाचताना मी आधी विचारते: हे कुणी ऐकणार, हे बोलणाऱ्याला माहीत होतं का?

तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी एखाद्या फौजी आजोबांचं पत्र असेल. त्यात नुसतीच गुरांची आणि पावसाची चौकशी असेल, तर ते रुक्ष आहे म्हणून बाजूला ठेवू नका. ते कुणी लिहून दिलं आणि घरात कुणी वाचून दाखवलं, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. मग ते पत्र पुन्हा एकदा वाचा.